साठ हजार तोंडांतलं नाव

जावातल्या मुंतिलानच्या हमरस्त्यालगत जे पाथरवट बसतात, त्यांतला पाक मार्जो, म्हणजे मार्जोकाका, हा काही नावाजलेला कलाकार नव्हता. बाकीचे बुद्ध कोरायचे, सिंह कोरायचे, हॉटेलांच्या कारंज्यांसाठी बेडूक कोरायचे. मार्जोनंही एकदा बुद्ध कोरायला घेतला होता. पण पुरा होईतो तो इतका त्याच्या मेव्हण्यासारखा दिसायला लागला, की शेवटी मेव्हण्यानंच तो नेऊन कोंबड्यांच्या खुराड्यापाशी ठेवला. तेव्हापासून मार्जोनं दोनच गोष्टी केल्या: मिरची वाटायचे दगडी खल आणि थडग्यांवरची नावं. खलात तो बरा होता. नावांत मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. अक्षर असं कोरायचा, की मेलेल्या माणसालाही वाटावं, आपण हयातीत उगाच दबून राहिलो.

दिवसभर दुसऱ्यांची भारदस्त नावं कोरणाऱ्या या माणसाचं स्वतःचं नाव मार्जो, बायकोचं सुमी, बापाचं क्रोमो. तिघांची नावं मिळून वीतभर दगडात बसली असती आणि वर फूल कोरायला जागा उरली असती. ही गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली होती. म्हणून पहिली आणि शेवटची मुलगी झाली तेव्हा त्यानं तिचं नाव ठेवलं हायुनिंग प्रमेस्वारी. शेजाऱ्यांनी ते दोनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली म्हणून नुसत्या माना डोलावल्या. नाव राजवाड्यातलं होतं. योग्या शहरातल्या एका खानदानी म्हातारीचं. मार्जोनं ते तिच्या थडग्यासाठी कोरलं होतं.

ही शेवटची माहिती त्यानं बायकोला दिली ती बारशाचं जेवण सगळी गल्ली जेवून, ढेकर देऊन घरी गेल्यावर.

"मेलेल्या बाईचं नाव?" बू सुमी, म्हणजे सुमीकाकू, किंचाळली.

"एक्क्याण्णव वर्षं वापरलं तिनं," मार्जो म्हणाला. "टिकाऊ आहे."

बू सुमी तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलावंच लागलं, कारण पोरीला ताप आला.

तो ताप चार वर्षं येत-जात राहिला. जाताना पोरीचं थोडं थोडं घेऊन गेला. चार वर्षांची हायुनिंग दोन वर्षांच्या पोरीएवढी दिसायची, आणि चालताना अशी वाकायची, की जणू पाठीवर कुणीतरी बसलंय. शेवटी गल्लीतल्या म्बाह कासनोंना बोलावलं. म्बाह म्हणजे गल्लीचे आजोबा. पोराचं नाव, घराचं दार आणि कोंबडीचं अंडं यांबद्दल त्यांचं मत अंतिम मानलं जाई. त्यांनी पोरीला बगलेत धरून उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"पोर तर कापसासारखी आहे," ते म्हणाले. "मग तिला खाली खेचतंय काय? नाव! अहो, पाथरवटाची पोर ती, तिच्या डोक्यावर अख्खा राजवाडा ठेवलात. मोडेल नाही तर काय होईल?"

नाव जड होणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मार्जोनं मान खाली घातली. म्बाहनी पोरीचा जन्मवार विचारला. बाजाराच्या पाच वारांच्या आठवड्यातला पोन. "मग पोनिरा. हलकं, गावठी, कुणाच्या डोळ्यांत न भरणारं." बू सुमीनं तांबडी आणि पांढरी खीर रांधली, दोन वाडग्यांत वाढली, गल्ली पुन्हा एकदा जेवली. पोरीच्या कानात सांगितलं गेलं, आजपासून तू पोनिरा. आणि खरंच, दीड महिन्यात पोनिरा कोंबड्यांच्या मागं धावायला लागली. आरोग्य केंद्राच्या नर्सनं छातीसाठी दिलेलं सहा महिन्यांचं औषधही नेमकं त्याच सुमारास संपलं होतं. पण औषधाच्या नावानं कुणी खीर शिजवत नाही, त्यामुळे सगळं श्रेय खिरीकडे गेलं.

शाळेत घालायच्या वेळी जन्माचा दाखला काढला, त्यावर पोनिराच लागलं. पहिल्या दिवशी बाईंनी यादी वाचली आणि वर न बघताच म्हणाल्या, "आजीचं नाव का लिहिलंय इथं? मुलीचं काय?" वर्ग खो खो हसला. पुढं नऊ वर्षं तिला "आज्जी, पान लावू का?" हेच ऐकावं लागलं. तिच्या वर्गात तीन आयु होत्या, चार देवी होत्या, एक चक्क व्हिक्टोरिया होती, जिचा बाप बदकं विकायचा. पोनिरा एकटीच.

तेराव्या वर्षी केस विंचरताना बू सुमीनं तिला जुन्या नावाची गोष्ट सांगितली. नाव तिनं कुजबुजत, जेमतेम ओठ हलवत सांगितलं.

"मोठ्यानं म्हणू नकोस हं, न्दुक. लिहू पण नकोस. ते तुला शोधतच असेल."

न्दुक म्हणजे बाळ, पोरी. बू सुमी लेकीला याशिवाय दुसऱ्या शब्दानं क्वचितच हाक मारायची. त्याच दुपारी पोनिरानं ते नाव गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, खूप वेळ पाहिलं, मग पान फाडून चावून गिळून टाकलं. पोट दुखलं नाही. हे तिनं लक्षात ठेवलं.

बाजारासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तिला काम मिळालं. मुंतिलानमधल्या एकूण एक बेकार माणसाचा नोकरीचा अर्ज तिनं टाइप केला. "मी मेहनती, प्रामाणिक आणि दबावाखाली काम करण्यास सक्षम आहे" हे वाक्य तिनं इतक्या वेळा लिहिलं होतं, की बोटं डोळे मिटून लिहायची. शेजारच्या टपरीत मोबाइलचे रिचार्ज आणि चकाकणारी कव्हरं विकणारी उल्फा ही तिची जिवाभावाची मैत्रीण. उल्फाचं तोंड दिवसभर चालायचं, आणि ते चालत नसे तेव्हा ती जेवत असे. तिनंच एके दिवशी पोनिराच्या फोनवर ते कथांचं अ‍ॅप घातलं, जिथं मुली लिहितात आणि मुलीच वाचतात.

"तू त्या बेकारांच्या अर्जात एवढी थापेबाजी करतेस, तर इथं कर की," उल्फा म्हणाली. "लेखिकेचं नाव काय टाकू? पोनिरा नको. लोक गुडघेदुखीचा काढा मागतील."

पोनिरानं फोन तिच्या हातातून घेतला आणि स्वतः टाइप केलं. हायुनिंग प्रमेस्वारी. अ‍ॅपनं क्षणभर विचार केला आणि हिरवी खूण केली: हे नाव उपलब्ध आहे. पोनिराला वाटलं, एकोणीस वर्षं दाराबाहेर उभं असलेलं कुणीतरी आत आलं आणि म्हणालं, किती उशीर केलास.

नावाखाली ओळख लिहायला चार ओळी होत्या. तिनं लिहिलं: "हे माझं जन्माचं नाव. जड आहे म्हणून माझ्याकडून काढून घेतलं. मी ते परत उचललंय. अजून तरी उभी आहे."

त्या चार ओळींनीच सगळं केलं. कथा तशी साधी होती. सेकार नावाची मुलगी दर आठवड्याला एका बसमध्ये बसून नव्या गावी जाते आणि मागे वळून बघत नाही. पोनिरा स्वतः जन्मात योग्यापलीकडे गेली नव्हती. त्यामुळे सेकार बांदुंगला पोचली तेव्हा तिला स्टेशनातून समुद्र दिसला. बांदुंगच्या चारशे वाचक मुलींनी कळवलं, की म्बाक, म्हणजे ताई, इथं डोंगर आहेत, समुद्रासाठी आम्हालाच बस पकडावी लागते. पुढच्या भागात हायुनिंगनं लिहिलं: "सेकारला समुद्र दिसला, कारण तिला तो हवा होता. चूक गावाची आहे." पोनिराच्या तोंडून असलं उत्तर जन्मात निघालं नसतं. पोनिरा गिऱ्हाइकानं उलटा कागद दिला तरी स्वतः माफी मागायची.

कथेखाली मुली आपापली नावं सांगायला लागल्या. एकीचं नाव आजीनं ठेवलं होतं ते बापानं बदललं होतं. हाँगकाँगला घरकाम करणाऱ्या एकीनं लिहिलं, इथं मालकीण मला मॅगी म्हणते, माझं खरं नाव मी रविवारी बागेत मैत्रिणींकडून ऐकते. कारखान्यातल्या, मदरशातल्या, लग्न ठरलेल्या, लग्न मोडलेल्या. पहिली प्रतिक्रिया नेहमी लांपुंगच्या एंदाहची असायची. सोळा वर्षांची, जावाहून सुमात्राला जाऊन वसलेल्या शेतकऱ्यांची नात. भाग आला की मिनिटभरात तिचं ठरलेलं वाक्य यायचं: "म्बाक अजून उभ्या आहेत!" चार वर्षांत वाचक झाल्या साठ हजार. उल्फा हा आकडा भाजीवालीलासुद्धा सांगायची, पण नाव सांगायची नाही. तेवढी शपथ पोनिरानं घातली होती.

मग योग्याच्या एका प्रकाशन संस्थेतून फोन आला. म्बाक रतिह नावाच्या संपादिका होत्या. म्हणाल्या, छापील पुस्तक करू या, मुखपृष्ठावर नाव मोठ्या अक्षरांत घेऊ, नावच तर कथा आहे. पोनिरा फोन ठेवून दुकानाच्या मागं गेली आणि टोनरच्या खोक्यांवर बसून रडली. उल्फाही रडली, तिला कारण नीट कळलं नव्हतं, पण पोनिराला एकटीनं रडू देणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं.

करारावर सही करायला शनिवारी योग्याला जायचं होतं. बुधवारी पोनिराला ताप भरला.

डेंग्यू. गल्लीत सहा जणांना झाला होता, त्यामुळे मार्जोला पहिल्यांदा फारसं काही वाटलं नाही. पण पोनिराच्या प्लेटलेट उतरत गेल्या, आणि शुक्रवारी मुंतिलानच्या इस्पितळात तिला सलाइन लावून निजवलं. उल्फा दुपारी आली. संत्री आणली होती, ती तिनं स्वतःच सोलून स्वतःच खाल्ली, आणि बू सुमीचा उतरलेला चेहरा बघून तिला धीर द्यावासा वाटला. उल्फाचा धीर हा नेहमीच घातक असे.

"काळजी करू नका हो, बू. हिचं काही होत नाही. सकाळी हिनं आजारी असल्याचं लिहिलं, तेव्हापासून साठ हजार मुली हिच्यासाठी दुआ मागतायत. हे बघा!" आणि तिनं फोन बू सुमीच्या नाकासमोर धरला. "हायुनिंग लवकर बरी हो. हायुनिंग आम्ही आहोत. बघा, खाली संपतच नाही!"

बू सुमीनं फोनकडे पाहिलं. मग पलंगाच्या कडेचा दांडा धरला.

"कुठलं नाव म्हणालीस?"

उल्फाच्या हातातली फोड तशीच राहिली. "म्हणजे... नावच ते... लेखिकेचं..."

"चार वर्षं," बू सुमी हळूच म्हणाली. "सासरे धरून घरातली आम्ही तीन माणसं त्या नावानं हाक मारायचो, तर पोर चार वर्षं अंथरुणावर होती. आणि आता साठ हजार तोंडं? रोज?"

उल्फानं फोन पाठीमागं लपवला.

डॉक्टर आले, त्यांनी डासांबद्दल सांगितलं. बू सुमीनं सगळं ऐकून घेतलं. डास सगळ्यांनाच चावतात, ती म्हणाली, पण ही इतकी का खाली गेली? डॉक्टरही जावाचेच. प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते, असं म्हणाले. बू सुमीनं असं बघितलं, की मी तेच तर म्हणतेय.

तिनं लेकीकडे काही मागितलं नाही. मागितलं असतं तर भांडता आलं असतं. ती नुसती पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि जेवेना. शनिवार गेला, योग्याला कुणी गेलं नाही. रविवारी सकाळी प्लेटलेट अठरा हजार झाल्या. मार्जो टोपी हातात घेऊन दारात उभा होता.

"नाव तसं वाईट नव्हतं गं," तो पुटपुटला.

"तुम्ही गप्प बसा! थडग्यावरून पोरीचं नाव उचललंत तुम्ही. खल करा खल!"

मार्जो टोपीत तोंड घालून रडला. जवळजवळ दोन तपं त्यानं स्वतःला हेच सांगितलं होतं, फक्त इतक्या मोठ्यानं नव्हे.

"इबू," पोनिरा आईला म्हणाली, "काहीतरी खा ना."

"तू उठलीस की खाईन."

"अगं, नावानं काही होत नसतं."

"नसेल होत. मी अडाणी आहे, न्दुक. मला एवढंच ठाऊक आहे, की एकदा नाव काढलं आणि तू चालायला लागलीस."

पोनिराला आईचे पाय दिसत होते. सुजलेले, चपलेत न मावणारे. तिनं विचार केला: चार दिवसांचा प्रश्न आहे. आत्ता काढते, घरी गेल्यावर परत लावीन. इबू फोन थोडीच बघते! तिनं उल्फाकडे हात केला. उल्फा मान हलवत राहिली, नको, नको. तरी फोन दिला. पोनिरानं आईला जवळ बोलावून, तिच्या डोळ्यांसमोर एकेक अक्षर पुसलं आणि त्या जागी 'पोनिरा' लिहिलं. अ‍ॅपनं विचारलं: नक्की? तिनं दाबलं. खाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. सगळ्या मुंतिलानचे नियम आणि अटी टाइप करणाऱ्या पोरीनं ते वाचलं नाही.

सोमवारी प्लेटलेट एकेचाळीस हजार झाल्या. "सहाव्या-सातव्या दिवशी वाढतातच," डॉक्टर म्हणाले. बू सुमीनं घरून तांबडी-पांढरी खीर करून आणली होती, ती तिनं त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी वाडगा संपवला.

पोनिरा घरी आली. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या काउंटरमागं बसून तिनं नाव परत लावायला घेतलं. लाल खूण आली: हे नाव दुसऱ्या कुणीतरी घेतलं आहे.

तिनं स्पेस दिली, आकडा लावून पाहिला, खाली रेघ घातली. हायुनिंग प्रमेस्वारी दोन. तिला स्वतःलाच हसू आलं. स्वतःच्या नावाची झेरॉक्स. पुसून टाकलं. बारीक अक्षरांतला नियम तिनं आता वाचला: सोडलेलं नाव तत्क्षणी मोकळं होतं. घेणारीच्या पानावर ना चेहरा होता, ना ओळख. पोनिरानं तिला निरोप पाठवला. उत्तर नाही. रोज एक पाठवला. उल्फानं तर त्या अनोळखी बाईला अशा शिव्या लिहून ठेवल्या, ज्या अ‍ॅपनं पोचवायचं नाकारलं.

"माझ्यामुळं झालं," उल्फा म्हणायची. "माझी जीभच छाटायला हवी."

"मग टपरी कोण चालवेल?" पोनिरा म्हणायची. दोघी हसायच्या. मग एकीचं हसणं आधी संपायचं.

म्बाक रतिह समजूतदार होत्या. त्यांनी वरच्यांशी बोलून पाहिलं. मग फोनवर खूप वेळ इकडचं तिकडचं विचारलं, आणि शेवटी म्हणाल्या, नाव परत मिळालं की कळव, आपण तेव्हा बघू. पोनिरानं ओळखलं. नोकरीच्या अर्जांना जी उत्तरं येतात ती तिनं कमी वाचली नव्हती.

तरी तिनं लिहायला घेतलं. पोनिरा म्हणूनच लिहीन, असं ठरवून बसली. सेकार बसथांब्यावर उभी होती, बस आली, दार उघडलं. पुढचं वाक्य येईना. एक तास बसल्यावर आलं ते असं: "सेकार मेहनती, प्रामाणिक आणि दबावाखाली काम करण्यास सक्षम होती." पोनिरानं फोन पालथा ठेवला. हायुनिंगला जे दिसायचं ते पोनिराला दिसत नव्हतं. तिला बांदुंगला आता डोंगरच दिसत होते.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दोनला, उत्तर आलं.

"म्बाक, मी एंदाह! माफ करा, माफ करा. बाबांनी परीक्षेसाठी फोन काढून घेतला होता. तुमचं नाव बदललेलं दिसलं तशी मी मिनिटभरात घेऊन ठेवलं. म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या हाती जायला नको. जपून ठेवलंय. तुमचंच आहे."

पोनिरानं तो निरोप उल्फाला दाखवला. उल्फानं आनंदानं टपरीचं छप्पर बडवलं. शेजारचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला.

ठरलं असं: चार वाजता एंदाह नाव सोडणार, आणि त्याच क्षणी पोनिरानं ते घ्यायचं. एंदाहनं एक कबुलीही दिली. फोन जायच्या आधी त्या नावानं तिनं एक छोटी गोष्ट लिहिली होती. तीनच पानं. अकरा जणींनी वाचली. "तुम्ही रागावणार नाही ना? ते नाव लावलं आणि मला वर्गात कधी बोलता आलं नाही ते सगळं लिहिता आलं." मग तिनं आवाजातला निरोप पाठवला, कारण तिला टाइप करायला धीर नव्हता. पातळ, घाईघाईचा आवाज. मधेच ती खोकली. थांबली. पुन्हा खोकली.

पोनिरानं निरोप पुन्हा ऐकला. मग लिहिलं: "खोकला कधीपासून आहे?"

"काही नाही हो. दोन-तीन आठवडे. इथं शेतातलं गवत जाळतात."

"ताप?"

"कधी कधी."

"नाव घेतल्यापासून?"

पलीकडून हसण्याची चित्रं आली. "म्बाक, तुम्ही अगदी माझ्या आईसारखं बोलताय."

पोनिरानं काउंटरवर तळवे टेकले. समोर मशीन कुणाचा तरी विवाहाचा दाखला ओकत होतं, एक, दोन, तीन. ज्या गोष्टीवर ती इस्पितळात आईशी वाद घालत होती, ती गोष्ट तिच्या आत केव्हाची घर करून बसली होती, व्यवस्थित, चटई अंथरून. आईसाठी नाव काढलं, असं ती तीन आठवडे सगळ्यांना सांगत आली होती. स्वतःलाही.

चार वाजले.

"सोडलं!" एंदाहचा निरोप आला.

पोनिराच्या फोनवर नाव लिहून तयार होतं. हिरवी खूण आली: उपलब्ध आहे. अंगठा वर होता. तिला आईचे सुजलेले पाय आठवले. मग ते खोटं आहे हे तिला कळलं. तिला आईचे पाय आठवत नव्हते, स्वतःचे आठवत होते, चार वर्षांची असतानाचे, वाकलेले, जमिनीत रुतणारे. आठवणं शक्य नव्हतं, तरी आठवत होते.

"दाब ना!" उल्फा ओरडली. "अगं दाब, दाब! कसली वाट बघतेस?"

हिरवी खूण जवळजवळ चार मिनिटं होती. मग लाल झाली. संध्याकाळी पाहिलं तर हायुनिंग प्रमेस्वारी या नावानं मेदानचं कुणीतरी पोट कमी करायची कॉफी विकत होतं. फोटोतली बाई चांगली धट्टीकट्टी होती.

"म्बाक, मिळालं ना?" एंदाहनं विचारलं.

पोनिरानं तीनदा वेगवेगळं उत्तर लिहिलं आणि पुसलं. शेवटी खरं ते लिहिलं. "नाही. मी दाबलं नाही. घाबरले."

पलीकडे एंदाह लिहीत होती, थांबत होती, पुन्हा लिहीत होती. मग उत्तर आलं:

"मीपण घाबरले होते, म्बाक. तुमची ओळख मी चार वर्षं वाचतेय, नाव कसलं आहे ते मला माहीत होतं. पण मी दाबलं होतं."

त्यानंतर एंदाहकडून काही आलं नाही. पोनिरानं एकदा तब्येतीचं विचारलं. दोन दिवसांनी फक्त "बरी आहे" एवढं आलं. सेकार अजून त्या बसथांब्यावर उभी आहे. वाचक किती उरल्या ते पोनिरा बघत नाही. उल्फा बघते, पण आता भाजीवालीला सांगत नाही.

बू सुमी सकाळी घरापुढं तांदळाची पेज आणि तोफूचा रस्सा विकते. गिऱ्हाइकं विचारतात, पोरगी कशी आहे? बू सुमीचा चेहरा उजळतो.

"ठणठणीत! तीन महिन्यांत साधी शिंक नाही. वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. पूर्वी कशी सारखी फोनमध्ये डोकं घालून बसायची, आपल्याशीच हसायची, ते सगळं गेलं बघा."

"नशीब तुमचं," गिऱ्हाईक म्हणतं.

"नशीबच," बू सुमी म्हणते, आणि पळीभर रस्सा जास्त वाढते. पोनिरा शेजारी उभी राहून वाडगे विसळत असते. तिची तब्येत खरोखरच चांगली आहे.